दोनशेचा आकडा

जाळीच्या दारामागून सतत येणारी घूंऽऽ अशी घरघर तुम्ही कधी ना कधी ऐकली असेल. दारावर कवटी आणि ‘धोका’ अशी पाटी. त्या दारामागे मी असायचो. मी ट्रान्सफॉर्मर. बाहेरून येणारी जोरकस वीज इमारतीला सोसेल इतकी सौम्य करून द्यायची, एवढंच माझं काम.

माझा जन्म १९९८ सालचा, सातपूरच्या एका कारखान्यातला. तांब्याच्या तारेची वेटोळी, भोवती तेल, वरून पोलादी टाकी. माझी ताकद दोनशे केव्हीए. म्हणजे तेवढा भार मी बिनतक्रार उचलणार. नाशिकच्या कॉलेज रोडवर नवी पाच मजली व्यापारी इमारत उभी राहत होती, तिच्या तळमजल्यावर मला बसवलं.

हा दोनशेचा आकडा कसा ठरला, ते मला खूप पुढे कळलं. हिशेब केला होता तृप्ती नावाच्या तरुण इंजिनियरने. तिची पहिलीच नोकरी. दुकानं, लिफ्ट, पाण्याचे पंप, पुढची दहा वर्षं, असं सगळं धरून तिचं उत्तर आलं तीनशे पंधरा. तिचे साहेब दिनेशराव हसले. “अगं, नाशिकला एसी कोण लावतंय? हवा बघ इथली! आणि सगळे एकाच वेळी सगळं चालू करतात का? दोनशे लिही.” तिने दोनशे लिहिलं आणि खाली सही केली.

पहिली चार-पाच वर्षं दिनेशरावच बरोबर ठरले. मी आरामात गुणगुणत होतो. लहानू वायरमन रोज सकाळी यायचा, तापमानाचा काटा बघायचा, माझ्या अंगावरची धूळ पुसायचा. सिन्नरकडचा माणूस, कमी बोलणारा.

मग इमारत बदलली. पहिल्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास आला, दुसऱ्यावर कपड्यांचं मोठं दुकान, आणि तिसऱ्यावर डॉक्टर मंजुषा यांचं लहान मुलांचं हॉस्पिटल. अपुऱ्या दिवसांची बाळं तिथे काचेच्या पेटीत उबेला ठेवत. बाहेरच्या भिंतीवर एसीचे डबे एकेक करत वाढत गेले. मला कोणी विचारलं नाही. माझं तेल तापायला लागलं, घरघर जड झाली.

लहानूला ते कळलं. त्याने स्वतःचा टेबलफॅन आणून माझ्यासमोर लावला. सोसायटीला तीन अर्ज दिले. “बघू पुढच्या मीटिंगला,” असं उत्तर मिळालं. त्यात भारनियमन सुरू झालं. वीज गेलेली असताना मी निवायचो, पण ती परत आली की सगळे एसी, पंप, लिफ्ट एकदम माझ्यावर कोसळायचे. लहानू जिने चढून प्रत्येक दारात सांगायचा, “साहेब, लाइट आल्यावर एसी लगेच लावू नका. धा मिनटं थांबा. खाली लय तापतंय.” लोक मान हलवायचे आणि बटण दाबायचे.

२००६चा एप्रिल. दुपारी दोनला वीज आली आणि माझ्या अंगात आगीसारखी कळ गेली. वरचं रबरी पॅकिंग फुटलं, उकळतं तेल बाहेर उडायला लागलं. लहानू धावत आला. तेलाने पेट घेतला असता तर धूर थेट जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेला असता. मुख्य स्विच माझ्या बाजूलाच होता. त्याने हात घातला. तेल त्याच्या उजव्या हातावर, मानेवर पडलं. तो ओरडला, पण स्विच ओढल्याशिवाय मागे हटला नाही.

सगळी इमारत बंद पडली. वर मंजुषाबाईंनी चार बाळं पेटीतून काढून उबेसाठी त्यांच्या आयांच्या उघड्या छातीशी धरायला दिली. पेठ तालुक्यातून आलेल्या नवसाबाईने आपलं पोर पदराखाली घट्ट धरलं आणि दुसऱ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत हलू दिलं नाही. चारही बाळं वाचली.

दीड महिन्याने, नवा ट्रान्सफॉर्मर केवढा हवा ते ठरवायला, तृप्ती पाहणीला आली. आता ती स्वतःचं ऑफिस चालवत होती. लहानू दारात उभा होता. उजव्या हाताची बोटं आखडून एकमेकांना चिकटलेली. तिने मला बघितलं, मग त्याच्या हाताकडे.

“लहानूभाऊ, हा आकडा मी लिहिला होता,” ती म्हणाली. “माझा हिशेब तीनशे पंधराचा होता. साहेबांनी सांगितलं म्हणून बदलला.”

लहानूने तिच्याकडे बघितलं. “तुमाला म्हाईत व्हतं?”

“हो.”

“मंग तवाच बोलायचं व्हतं, मॅडम.”

तो रागावला नव्हता. म्हणूनच तिला तिथे उभं राहवेना. पण ती गेली नाही. प्रत्येक मजल्यावर जाऊन तिने एकेक बटण मोजलं आणि नव्या कागदावर पाचशे लिहिलं. सोसायटीच्या अध्यक्षांनी आकडा जास्त होतोय म्हटल्यावर ती म्हणाली, “कमी लिहायचं असेल तर दुसरं कोणी सही करेल.”

आता मी अंबडच्या एका भंगाराच्या आवारात आहे. तेल काढून घेतलंय, उद्या तांबं काढतील. मला माझं दुःख नाही. माझ्या वेटोळ्यांना नवं रूप मिळेल. लहानूच्या बोटांना मिळणार नाही.

तुमच्यापुढे कधी असा कागद आला आणि कोणी हसून आकडा कमी करायला सांगितलं, तर सही करण्याआधी एक करा. त्या जाळीच्या दारामागे रोज कोण जाणार आहे, त्याचं नाव विचारून घ्या.