तिसऱ्या गिअरवरचा हात

सकाळपासून बंकटच्या पायाला भिंगरी लागली होती. कडा गावात साखर कारखान्याच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज. शटरपासून रस्त्यापर्यंत जायचा, फोन बघायचा, परत यायचा, पाना उचलायचा, ठेवून द्यायचा. कोणता गिअरबॉक्स मागवायचा ते गाडीच्या मालकाला चार वाजेपर्यंत सांगायचं होतं. वीस वर्षं गाड्या खोलणाऱ्या मिस्तऱ्याला एवढं ठरवता येईना म्हणजे कमालच की!

गाडी उत्तरेश्वरदादांची. दादांना मातीवरच्या शर्यतींचं भारी वेड. त्यांच्या जुन्या गाडीला टर्बो बसवून बंकटनं इंजिन तीनशे हॉर्सपॉवरला नेलं होतं, आणि खोटं कशाला बोला, इंजिन झकास झालं होतं. गिअरबॉक्स मात्र मूळचा, शंभर हॉर्सपॉवरच्या बेताचा. दीड वर्षात तीन फुटले. तिन्ही वेळा तिसराच गिअर. शर्यतीत गाडी चालवायचा नाथा, बंकटचा मेव्हणा, बायको सत्यभामेचा धाकटा भाऊ. काल रात्री दादा फोनवर सरळच बोलले होते, "मजबूत बॉक्स घे, लागंल तो घे. पण हा बी फुटला तर नाथाला खाली उतरवतो. पुण्याचा ड्रायव्हर तयार हाय."

नाथाला त्या सीटवरून उतरवलं तर त्याच्यात काही उरणार नाही, हे बंकटला ठाऊक होतं. तरी सत्यभामा, नाथाची आक्का, दर जेवणाला ते ऐकवायचीच.

पर्याय दोन. एक कोइमतूरचा. बाहेरून साधाच, आतले दात जाड आणि कडक पोलादाचे. दुसरा निव्वळ शर्यतीचा, सरळ दातांचा. क्लच न दाबताही त्यात गिअर पडतो, पण कान फुटेस्तोवर ओरडतो आणि गिअर जरा अर्धवट राहिला की माफी नाही. नऊ वाजता बंकटचं मन पहिल्यावर बसलं, दहाला दुसऱ्यावर, आणि बारा वाजता दोन्हीवरून उठलं.

"दाजी, ठरलं का?" नाथा तिसऱ्यांदा विचारायला आला.

"ठरंल बे! तुझ्या हाताला जरा लगाम असता तर ही येळ आली असती का? रेड्यावानी गिअर हाणतोस."

नाथा हसला. दीड वर्ष चारचौघांत हेच ऐकत होता बिचारा, आणि ते खरं मानून बसला होता.

काही केल्या चैन पडेना, तेव्हा बंकटनं भंगाराच्या ड्रममधून फुटलेल्या बॉक्सचे तुकडे बाहेर काढले. तुटके दात त्यानं शंभरदा बघितले होते. आज हाताला लागला तो फोर्क, गिअर सरकवून जागेवर बसवणारा. एका बाजूनं घासून पत्र्याएवढा पातळ झालेला, तापून निळा पडलेला. दुसरी बाजू कोरी करकरीत. त्यानं दुसऱ्या बॉक्सचा फोर्क शोधला. तसाच. तिसऱ्याचा सापडला, तोही तसाच.

जोरानं दात तुटतात, फोर्क असा झिजत नाही. गिअरच्या दांड्यावर कुणी हात दाबून ठेवला तर झिजतो. मग गिअर पुरता बसत नाही, आणि अर्धवट बसलेल्या गिअरवर तीनशे हॉर्सपॉवर सोडली की दात राहतील कशाला?

"नाथा, गाडी काढ!"

गाडीला तेवढ्यापुरता चौथा जुनाच बॉक्स लावलेला होता. कारखान्यामागच्या मोकळ्या रस्त्यावर बंकट नाथाच्या शेजारी बसला. पहिला, दुसरा, तिसरा. तिसरा पडला आणि नाथाचा डावा हात तिथंच राहिला. तळवा दांड्यावर, कोपर ताठ, सगळा भार पुढं. स्टिअरिंगवर एकटा उजवा.

"हात कावून ठेवलास?"

"कुठं?"

"गिअरवर, बे!"

नाथानं खाली बघितलं. जणू तो हात दुसऱ्याचाच. "सुटू नये म्हणून. तुमीच शिकवलंय की."

अरे देवा! चार वर्षांमागं त्याचा ट्रॅक्टर उसाच्या वाहतुकीला होता आणि नाथाला चालवायला त्यानंच शिकवलं होतं. ट्रॅक्टरचा तिसरा गिअर ढिला, चढाला सुटायचा. बॉक्स खोलायचा म्हणजे ट्रॅक्टर आठ दिवस उभा, आणि हंगाम तोंडावर आलेला. मग या शहाण्यानं काय करावं? नाथाचा हात दांड्यावर ठेवला, वर आपला ठेवून दाबला आणि म्हणाला, "असाच धर. सोडायचा न्हाई." पाच महिने नाथानं सोडला नाही.

फोन वाजला. नाथानं गाडी कडेला घेतली.

"बोल बंकट," उत्तरेश्वरदादा म्हणाले. "कोणता बॉक्स? अन् खरं सांग, नाथाच्या हातात टिकंल का, का आत्ताच ड्रायव्हर बदलू?"

टिकंल म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण तीन बॉक्सचं खापर नाथाच्या डोक्यावरच राहिलं असतं, आणि बंकटला आता ते बघवेना.

"कोइमतूरचा मागवा दादा, तो जरा समजून घेणारा हाय. अन् ते तीन नाथानं फोडले न्हाईत, मी फोडले. गिअर दाबून धरायची सवय मी लावली त्याला. तीनदा बॉक्स खोलला, पण दातांपलीकडं बघितलंच न्हाई. सवय मोडंल त्याची."

दादा म्हणाले, "नाथा राहू दे. गाडी मात्र उद्यापासून दुसऱ्या गॅरेजला लावीन."

बंकटला हायसं वाटलं. काम गेलं तर गेलं, नाथाची सीट तर राहिली. आता हा काहीतरी बरं बोलेल म्हणून त्यानं मान वळवली. नाथा त्याच्याकडंच बघत होता.

"दाजी, त्या ट्रॅक्टरचा बॉक्स खराब हाय, हे तुमाला ठावं होतं?"

"होतं."

"मला वाटायचं, समदे ट्रॅक्टर तसेच असत्यात." नाथाचा आवाज चढला नाही. "ऊसतोडीची टोळी न्यायचो मी. मागं ट्रॉलीत बायामाणसं, लेकरं. एकदा चढाला हातात पेटका आलता, तरी सोडला न्हाई. तवा आक्का बी बसलती मागं, माहेरी यायला."

बंकट समोरच्या काचेकडं बघत बसला. लाज वाटली त्याला, मेल्याहून मेल्यासारखी.

नाथानं गाडी सुरू केली. तिसरा टाकला आणि डावा हात स्टिअरिंगवर आणला. दोनदा तो हात आपोआप खाली गेला, दोन्ही वेळा त्यानं ओढून वर घेतला. गॅरेजपुढं गाडी लावून तो उतरला आणि चालायला लागला.

"आरं, कुठं निघालास?"

"घरी. आक्काला सांगाय."