पाण्याची हाक

"खोटी हाक मी मारणार नाही," मामंजी म्हणाले आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले.

अंगणात ट्रक उभा होता. ट्रकवाला एकदा माझ्याकडे बघे, एकदा आभाळाकडे. पश्चिमेला आभाळ पिवळं पडलं होतं. दुपारनंतर धुळीचं वादळ येणार, रस्ते बंद होणार, असं रेडिओ सकाळपासून ओरडत होता. आणि आमची गुरं पार टेकडीच्या पायथ्याशी, काटेरी झुडपांच्या सावलीत. इथून नुसते ठिपके दिसत होते; जाऊन हाकून आणायला वेळ नव्हता.

"ताई, आजोबांना समजवा ना. आज गुरं भरली नाहीत तर पुन्हा गाडी कधी मिळेल, देव जाणे."

"समजवून समजणारे असते तर काय हवं होतं!" मी म्हणाले. मामंजींना ऐकू गेलं असणार. जाऊ दे म्हटलं.

हे पुढे गेले होते, लांबच्या एका कुरणवाल्याकडे. तिकडे अजून गवत होतं, नदी वाहत होती. तो आमचा सगळा कळप घ्यायला तयार झाला होता, कायमचा. ठरलं तेव्हा मामंजी फक्त "बरं" म्हणाले. मला वाटलं, सुटलो. गाडं इथे अडेल हे कुणाच्या स्वप्नात होतं?

चाऱ्याला बोलवायचं तर बादली वाजवली की पुरे, कुणीही वाजवावी. पण चारा संपल्यावर ह्यांनी गुरं गोळा करायला दोनदा रिकामीच बादली वाजवली. तेव्हापासून बादली फुटेस्तोवर वाजवा, एक मान वर होत नाही. पाण्याची हाक मात्र एकट्या मामंजींची. तळ्याच्या काठावर उभे राहून ते ती मारत. खालच्या सुरात सुरू व्हायची, मध्येच फुटायची आणि लांबत जायची. तळं आटलं आणि त्यांनी ती बंद केली.

खरं सांगते, त्या उन्हाळ्यात आम्ही सगळेच झोपेत चालल्यासारखे होतो. दुपारी ऊन पांढरं होई आणि तळ्याच्या जागी पाणी चमकू लागे. बघता बघता त्याला लाटा येत. ते पाणी नाही हे मला पक्कं माहीत, तरी हातातलं काम टाकून मी बघत बसे. मामंजीही बघत. कधी गुरं तिकडे चालत जात, वाळल्या चिखलात गुपचूप उभी राहत आणि ऊन उतरलं की परत फिरत.

मी भिंत आणि खुर्ची यांच्यामध्ये, मामंजींसमोर जमिनीवर बसले.

"इथे राहिली तर मरतील ती."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"पोरी, ह्या हाकेला ती धावत येतात. अंगात त्राण नसलं तरी धावतील. आणि येऊन बघतील काय? ट्रक! जाता जाता हे करू मी त्यांच्याशी?"

असा राग आला म्हणता! माणसांशी कधी एवढे खरे वागलात का, अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांचं ते 'जाता जाता' कानात राहिलं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मी उठले. एक कळशी भरून बाजूला ठेवली, घरच्या टाकीला नळी लावली आणि दुसरं टोक गुरांच्या हौदात सोडलं.

"अहो ताई, हे तुमचं प्यायचं पाणी ना?" ट्रकवाला धावत आला. "टँकर कधी येतो?"

"आला की येतो."

पाणी पडायचा आवाज झाला तशी मामंजींची पाठ ताठ झाली. हौद भरत आला तेव्हा ते उठून आले आणि त्यांनी त्यात कोपरापर्यंत हात बुडवला.

"आपल्याला काय ठेवलंस?"

"कळशीभर."

"वेडी आहेस," ते म्हणाले. इतक्या मायेने ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

मग त्यांनी हाक मारली. पहिली अंगणाबाहेरही गेली नाही. दुसरी सुटली, आणि टेकडीखालचे ठिपके हलले. उन्हाच्या लाटांत त्यांचे पाय दिसत नव्हते. नसलेल्या तळ्यावरून तरंगत यावीत तशी ती येत होती. पुढे शहाणी, आमची सगळ्यात म्हातारी गाय. जवळ आली तेव्हा बरगड्या दिसल्या, खुरांचा आवाज आला. कुणी ढकलाढकली केली नाही. सगळी प्यायली. मामंजी शहाणीच्या मानेवर हात ठेवून स्वतः फळीवरून ट्रकमध्ये चढले आणि तिच्यामागे बाकीची.

खाली उतरल्यावर त्यांनी ट्रकवाल्याचा दंड धरला.

"तिकडे ही हाक कुणाला येत नसणार. तू शिकून घे. त्या माणसाला शिकव."

"मी? आजोबा, माझा गळा म्हणजे फाटका भोंगा!"

त्याने मारून दाखवली. तशातही मला हसू फुटलं.

"घाबरवतोस काय त्यांना? पोटातून काढ. इथे तोड. हां. आणि पाणी असेल तेव्हाच मारायची, सांग त्याला."

"पण आजोबा, आत्ता—"

"आत्ता आहे पाणी. हौदात तळाला उरलंय."

वारा सुटला. ट्रकवाल्याने डोळे मिटले आणि पुन्हा हाक मारली. ट्रकमध्ये एकदम सगळे कान उभे राहिले. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या, शहाणीचीसुद्धा. मामंजी त्याच्या शेजारीच उभे होते. त्यांच्याकडे एकीनेही पाहिलं नाही.

मामंजींनी फळी ओढून बाजूला केली.

"जमलं तुला," ते म्हणाले. "नीघ आता. धूळ येतेय."