ताईसाठी लाल पट्टा

'सर्वांसाठी साहस' दिनाची बैठक म्हणजे निव्वळ उंटावरून शेळ्या हाकणं. मी तलावावर होडी वल्हवायला शिकवते. माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, पायांत दहा वर्षांपासून जीव नाही. टेबलाभोवती नऊ माणसं होती. त्यांत पाण्यात उतरणाऱ्या आम्ही दोघीच, आणि बोलत होते उरलेले सात.

ताई आठ महिने रोज सकाळी सरावाला येत होती. होडी उलटली तर हातांच्या जोरावर बाहेर कसं निसटायचं, हे तिने शंभरदा तरी केलं होतं. तिला साहस दिनाच्या शर्यतीत उतरायचं होतं. कुणी मागून ढकलत नसताना कुठेतरी जायचं होतं, एवढंच.

क्रीडाधिकारी साहेबांनी पिशवीतून चार बोटं रुंद लाल पट्टा काढला. "यांना होडीला बांधायचं. सुरक्षितता महत्त्वाची."

"बांधलं तर होडी उलटल्यावर मी बुडेन," ताई म्हणाली.

साहेबांनी मला विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

मला शिसारी आली. ताईचा आवाज खणखणीत, यांचे कान शाबूत, तरी मध्ये दुभाषी हवा!

"साहेब, तुम्ही एकदा बसून बघा की," ताई गोड हसली. ते हसू मी ओळखते. लहानपणी ती तशी हसली की मार मला बसायचा.

दुसऱ्या दिवशी साहेब फोटोवाल्याला घेऊन आले. होडीत बसले, पट्टा स्वतःच आवळला. मी कंबरभर पाण्यात होडी धरून उभी होते. फोटोसाठी ते एका अंगाला झुकले आणि होडी उलटली. मी लगेच सरळ केली, पण तेवढ्यात नाकातोंडात पाणी गेलंच.

"सोडा! आधी पट्टा सोडा!" साहेब किंचाळले.

मला वाटलं, चला, अक्कल आली. संध्याकाळी पत्र आलं: दिव्यांगांसाठी होडी धोकादायक, सबब त्यांचा सहभाग रद्द. शर्यतीला निशाण दाखवण्याचा मान ताईंना. चोर सोडून संन्याशाला फाशी! ताईने वल्हं पुसून कोपऱ्यात ठेवलं. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

शर्यतीच्या दिवशी ताईची चाकांची खुर्ची मंचावरून घसरू नये म्हणून साहेबांनी खुर्चीसकट तिला खांबाला बांधलं. त्याच लाल पट्ट्याने, बक्कल पाठीमागे. वर तिचं डोकं थोपटलं. पन्नाशीच्या बाईचं!

तलावात तीस होड्या रांगेत उभ्या होत्या. ताईने हिरवं निशाण उंच धरलं. ते खाली आलं की शर्यत सुरू. पण ती ते खाली आणेना. एक मिनिट झालं, दोन झाली. लोक माना उंचावून मंचाकडे बघायला लागले.

"अहो ताई, खाली करा ना," साहेब दातओठ खात म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते थेट तिच्याशी बोलले.

"सोडा," ताई समोरच्या माईकवर म्हणाली. "आधी पट्टा सोडा."

तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत ऐकू गेलं. साहेब खांबामागे वाकून खटपट करू लागले, पण त्यांना काही बक्कल सापडेना. तोवर मी ताईची होडी काठाला आणली आणि वल्हं घेऊन तिची वाट बघत उभी राहिले.