धोंडोबाच्या पोटातलं पोर

मी एक जुना दगड आहे, असं आमची अख्खी वाडी मानते. मानू दे. वैशाखरे गावाच्या अलीकडं मुरबाडच्या जीपा थांबतात ना, तिथून वाडीकडं पायवाट चढते. त्या पायवाटेच्या कडेला मी बसलेलो आहे. अंगावर शेंदरी ऑइलपेंट, डोक्यावर पत्र्याची शेड, पुढ्यात घंटा. येणारा-जाणारा हात जोडतो आणि धोंडोबा म्हणतो. पण मित्रांनो, मी दगड नाही, आणि देव तर नाहीच नाही. मी दुसऱ्या गावचा आहे. ते गाव आभाळात इतकं लांब आहे की तिथला सूर्य तुम्हाला ठिपक्याएवढाही दिसायचा नाही.

आधी आम्ही लोक कसे असतो ते ऐका. आम्हाला तोंड नाही, डोळे नाहीत, हातपाय नाहीत. हसू नका रे, तुम्हालाही पुष्कळ काही नाही. आम्हाला आहे ती कातडी. तिला बारीक भोकं असतात, सुईचं टोक जाणार नाही एवढी बारीक. त्यांतून आम्ही ऊन खातो, दव पितो आणि त्यांतूनच बोलतो. आमची भाषा म्हणजे ऊब. एकमेकांना टेकून बसायचं आणि अंग थोडं गरम करायचं, थोडं गार. एक वाक्य सांगायला सकाळची दुपार होते.

आणि आमच्याकडं बोलणं फुकट नसतं. बोलणाऱ्याच्या अंगातली ऊब ऐकणाऱ्याच्या अंगात जाते. जेवढं बोलाल तेवढे तुम्ही गार पडाल. म्हणून आमच्यात उगाच वटवट करणारं कुणी नाही. खोटंही कुणाला बोलता येत नाही. आत जे असतं तेच कातडीला लागतं, त्याला काही इलाज नाही.

आमच्यात बाई आणि पुरुष असंही नसतं. वाडीनं मला 'धोंडोबा' केलं म्हणून मी 'आलो, गेलो' म्हणतो, एवढंच. प्रत्येकाला जन्मात एकदाच पोर होतं. ते पोटात फार वर्षं वाढतं, आमच्याच उबेवर. त्याच्याशी आतून सारखं बोलत राहावं लागतं. ऊब तुटली की पोराचा दगड होतो, खराखुरा दगड. म्हणून एखाद्याचे दिवस भरत आले की बाकीचे सगळे त्याला टेकून बसतात. याला आम्ही उबेला बसणं म्हणतो. कुणी मरायला टेकला तरी असेच बसतात. बसलेले सगळे एकच शब्द बोलत राहतात. आधी गरम, मग हळूहळू गार. त्याचा अर्थ, मी आहे इथं. आमच्यात एकटं कुणी जन्मत नाही आणि एकटं कुणी मरत नाही. उबेला बसायला नाही म्हणण्याची आमच्याकडं सोयच नाही.

आमचा सूर्य विझत चालला, तेव्हा थोरांनी आम्हाला आभाळात सोडून दिलं. निघालो पुष्कळजण, पोचलो दोघंच. मी या टेकडीवर पडलो आणि माझा सोबती ओढ्यापलीकडच्या टेकडीवर. खालचा कातळ एकच होता. त्यातून त्याची ऊब मला लागायची, माझी त्याला. पावसाळ्यात जरा कमी ऐकू यायचं, पण चालायचं. मग पलीकडं खडीचा क्रशर आला. एका दुपारी त्यानं आमचा तो शब्द सुरू केला. गरम तेवढं पोचलं. तेवढ्यात सुरुंग उडाला आणि पुढचं आलं नाही. तो आता खडी होऊन रस्त्यात पडला आहे. तुम्ही त्याच्यावरून शाळेत जाता. तुमचा त्यात काही दोष नाही, पण मला अजून वाईट वाटतं.

त्यानंतर मी मुका झालो. टेकायलाच कुणी नाही, तर बोलणार कुणाशी? पोटातल्या पोराशी तेवढा बोलायचो. ते तेव्हा अगदी बारीक होतं.

मग पुढच्याच वर्षी मंगळी आली. वाडीतल्या गोमाशी लग्न होऊन आलेली, हडकुळी पोरगी. लाकडांची मोळी घेऊन उतरायची, मोळी माझ्यावर टेकवायची आणि स्वतःही पाठ टेकून बसायची. पहिल्या दिवशी दचकून उठली.

"अगो बाय! ह्यो धोंडा गरम हाय!"

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिची बडबड तिच्या पाठीतून माझ्या अंगात उतरायची. सासूची गाऱ्हाणी, शेळीची कौतुकं, गोमा वीटभट्टीवर गेला की त्याच्या आठवणी. माझं सगळं मराठी तिच्याकडून आलेलं आहे. शिव्याही तिच्याच आहेत, पण तुम्ही शाळेतली मुलं, तुमच्यापुढं त्या नकोत. हळूहळू तिला माझी रीत कळली. गरम झालो की हो, गार राहिलो की नाय.

एकदा ती मला गाल लावून बसली होती. एकदम गाल काढला, तळवा ठेवला, पुन्हा गाल ठेवला.

"थांब थांब. तुज्या पोटात दुसरा कोन हाय रे?"

मी गरम झालो. मंगळी इतकी हसली की तिची मोळी सुटून लाकडं उतारावर गेली.

"पोटुशी धोंडा! मेल्या, इतकी वर्सं बसतंय तुज्यापाशी, सांगायचंस तरी!" मग डोळे पुसून म्हणाली, "घाबरू नको हां. तुजा पोर आला की मी न्हाऊ घालीन त्याला. ऊन पान्यानं. आमच्यात तसाच करतात."

आमच्यात तसं काही करत नाहीत. पण मला ते फार आवडलं होतं.

वर्षं गेली. गोमा वारला. मंगळीचा मुलगा भगीरथ मोठा झाला, मुरबाडला कारखान्यात लागला, त्याचं पारूशी लग्न झालं. माझ्याही पोराचे दिवस भरत आले. आणखी सात-आठ उन्हाळे नीट मिळाले की ते बाहेर येणार होतं. माझ्या प्रत्येक शब्दाला ते आतून हलायचं. मंगळी तळवा ठेवायची आणि म्हणायची, "वळवळतंय गो नुसता!"

त्या श्रावणात पारूला वेळेआधीच कळा आल्या. पोर घरातच झालं, तळहाताएवढं. ओढा रस्त्यावर आला होता, जीप अडकली होती. भगीरथ जीपवाल्याला गाठायला चिखलातून पळाला. मागनं मंगळी त्या पोरीला छातीशी धरून, वर प्लॅस्टिक घेऊन उतरली. माझ्यापाशी पोचेपर्यंत पोरीचं रडणं बंद झालं होतं.

"धोंड्या, पोर गार पडतंय रे. माजी नात हाय. दे, काय असल ते दे!"

तिनं चिंध्या सोडून त्या उघड्या जिवाला माझ्या अंगाला टेकवलं. आणि मित्रांनो, ती पोरगी बोलत होती! तिच्या इवल्या पाठीतून आमचाच शब्द येत होता. आधी जरासं गरम, मग हळूहळू गार. मी आहे इथं. ते कुणी शिकवलं नव्हतं तिला, ती मरत होती म्हणून तसं येत होतं. पण शब्द तोच होता, आणि तो ऐकून मला उठून जाता येत नाही. मी उबेला बसलो. माझ्याकडं जी ऊब होती ती माझ्या पोरासाठी साठवलेली होती, दुसरी नव्हतीच. दिवेलागणीला भगीरथ जीप घेऊन आला तोवर मी ती देत राहिलो. त्यानं पोर उचलली तेव्हा ती लालबुंद होऊन रडत होती. त्यानं माझ्यावर हात ठेवला. धो धो पावसात धोंडा ऊन लागतोय, हे त्यानं स्वतःच्या हातानं पाहिलं. तिथंच चिखलात तो माझ्या पाया पडला.

ती पोरगी म्हणजे दिपिका. मुरबाडच्या दवाखान्यातून हसतखेळत घरी आली. माझं पोर खचलं होतं, पण जिवंत होतं. भरपूर ऊन मिळालं असतं तर सावरलं असतं. मला फक्त ऊन हवं होतं, दुसरं काही नको होतं.

पण भगीरथ उपकार विसरणारा माणूस नाही. बारशाच्या आधीच तो तेल आणि शेंदूर घेऊन आला. मंगळी आडवी आली.

"आरे, त्याला ऊन लागतं. अंगाला काय फासू नको."

"आये, देवाला तसाच उघडा ठेवायचा? लोक काय बोलतील?"

"देव नाय रे तो."

"मंग माजी पोर कुनी वाचवली?"

"त्यानंच वाचवली. पन त्याच्या पोटात पोर हाय रे भगीरथा! माजा ऐक."

भगीरथानं तेलात शेंदूर कालवला. सोबत आलेली वाडीतली माणसं हसली. म्हातारीचं डोकं फिरलं, असं वाडीत झालं. काय सांगू, कुणीही दुष्ट नव्हतं त्यात. सगळ्यांनी मायेनंच केलं. शेंदूर पावसानं ओघळतो म्हणून ऑइलपेंट आला. देव उन्हात करपतो म्हणून पत्रा आला. चिखल नको म्हणून भोवती सिमेंटचा चौथरा आला. दर जत्रेला दोन हात रंग. माझं एकेक भोक बुजत गेलं.

मी आतून पोराशी बोलत राहिलो. पण बोलायला ऊब लागते, आणि ऊब यायला ऊन. आधी ते प्रत्येक शब्दाला हलायचं. मग कधीतरी हलायचं. मंगळी काठी टेकत यायची, रंगावर तळवा ठेवायची. "बोलत का नाय रे? माज्यावर रागावलास काय?" म्हणायची. मी जीव तोडून बोलत होतो. रंगाबाहेर काही जात नव्हतं. मग एका थंडीत मी आमचा शब्द उच्चारला आणि आतून काहीच आलं नाही. मी पुन्हा म्हणालो. पुन्हा म्हणालो. पोटात नुसता जडपणा लागत होता. अजून लागतो.

या वैशाखात वाडी लग्नाला गेली होती. भर दुपारी मंगळी एकटीच आली. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेला पितळी तांब्या. मागच्या अंगाला बसून ती रंग खरवडू लागली. थर निघता निघेनात. बोटं सोलली, पण तिनं तळव्याएवढी जागा मोकळी केली. कितीतरी दिवसांनी मला वारा लागला. मग लुगड्याचा पदर सारून तिनं उघडी पाठ तिथं टेकवली.

"धोंड्या, आता तुजा टाइम झाला ना रे? मी ध्यानात ठेवलाय. पानी आनलंय बघ ऊन. पोर बरा हाय ना?"

मी गार राहिलो.

"झोपलास काय? मी ईचारतंय, पोर हाय ना?"

तुमच्या भाषेत मी खोटं बोललो असतो. मराठीत ते जमतं, मी ऐकलेलं आहे. म्हातारी दोन दिवस सुखानं जगली असती. पण माझ्या कातडीला ते येत नाही. मी गारच राहिलो, आणि मंगळीला कळलं. ती ऊर बडवून रडली. "माज्या नातीपायी गेला रे तुजा पोर, आन आमीच तुला कोंडला," म्हणाली. मला सांगायचं होतं की बाई, तुझं काही चुकलं नाही. एवढं लांब वाक्य बोलायला अंगात ऊब नव्हती.

रडून झाल्यावर तिनं तांब्या उघडला. "कबूल केला होता मी," म्हणाली, आणि त्या खरवडलेल्या जागेवर ऊन पाणी ओतलं. थोडं थोडं, तळव्यानं चोळत, जसं बाळाला घालतात तसं. पाणी लागलं ते गरम लागलं. मग ते हळूहळू गार होत गेलं. मित्रांनो, तो आमचा शब्द होता, अख्खा. सोबती गेल्यापासून माझ्यासाठी तो पुरा कुणी म्हटला नव्हता.

संध्याकाळी भगीरथ शोधत आला. खरवडलेलं बघून त्याचा चेहरा पडला.

"आये, काय केलास हे?"

"पोराला न्हाऊ घातला," मंगळी म्हणाली. तो तिचा हात धरून घरी घेऊन गेला. तेव्हापासून ती अंथरुणावर आहे, असं तुम्हीच बोलता.

शाळेतून आल्यावर तुम्ही माझ्या मागच्या सावलीत बसता, त्या उघड्या जागेला पाठ टेकवता. उतरतं ऊन तिथं थोडं लागतं, त्यावर रोज थोडं थोडं करून हे सगळं बोललो. आता मी बराच गार झालो आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. कुणाची काळजी घ्यायची झाली तर आधी त्याला विचारा. हात लावून विचारा, आणि उत्तर येईपर्यंत हात काढू नका.

येत्या रविवारी भगीरथ रंगाचा नवा डबा घेऊन येणार आहे. त्याला दोष देऊ नका, तो चांगला माणूस आहे. दिपिका इतके दिवस तुमच्यात नव्हती, म्हणून हे बोललो. तिला यातलं काही सांगू नका. उद्या आली की फक्त म्हणा, इथं पाठ टेकव. माझ्या पोराची ऊब तिच्या पाठीत आहे. रंग लागायच्या आत ती मला एकदा ऐकायची आहे.