हिरवं बटण

गौतमीने टेपचं टोक खुंटीला अडकवलं आणि सम्राटला मागे सरकायला सांगितलं. केडगावात आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, पत्र्याच्या घरामागे मोकळ्या जागेत तिच्या धाकट्या भावाचं नवं घर व्हायचं होतं. आर्किटेक्ट होऊनही पुण्याच्या नोकरीत ती इतकी वर्षं मोबाइलच्या ॲपचे स्क्रीनच आखत आली होती. विटांचं असं हे तिचं पहिलंच काम.

“आज मंगळवार ना? फर्स्ट शिफ्ट नव्हती तुला?”

सम्राट टेपवरच्या आकड्यांकडे बघत राहिला. एरवी या वेळी तो न्हावऱ्यावरून मोटरसायकलने रांजणगावच्या कारखान्यात पोचलेला असायचा.

“सोडली कंपनी,” तो म्हणाला. “व्हीआरएस घेतली.”

“कधी?”

“झाला आठवडा. आबांना अजून सांगितलं न्हाई.”

“घर बांधायला काढलंस आणि नोकरी सोडलीस?”

“सोडायचं ठरवलं नव्हतं गं. कंपनीच्या ॲपवर व्हीआरएसचं आलं, म्हटलं बघू तरी काय हाय. वाटलं, साहेब बोलावतील, युनियनवाले समजावतील, मग ठरवू. कायच न्हाई. दाबलं, आन् झालं. लई सोपं.”

गौतमीने त्याचा फोन मागून घेतला. वर कारखान्याचं नाव होतं, रंग वेगळे होते. पण पहिलाच स्क्रीन तिने ओळखला. तिच्या ऑफिसने बनवलेलं हे ॲप कितीतरी कारखान्यांना विकलं जायचं. ते कुणाकुणाकडे गेलं, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

माणूस पाट्या वाचत नाही, जिकडे उजेड आणि ऐसपैस वाट असेल तिकडे वळतो, हे ती इमारती शिकताना शिकली होती. स्वेच्छानिवृत्तीच्या या पानावर तिने तेच वापरलं होतं. ‘होय, पुढे जा’ हे हिरवं बटण नेमकं अंगठ्याखाली. ‘विचार करून सांगतो’ तळाशी, करड्या बारीक अक्षरांत. हिरवं बटण दाबल्यावर आधी ‘घरच्यांशी बोललात का?’ असं विचारणारं एक पान यायचं. माणसं तिथे अडकतात, अशी तक्रार आली आणि तिने ते काढून टाकलं. मीटिंगमध्ये तिचं कौतुक झालं होतं. एकदा दाबलं की परत फिरता येत नव्हतं.

“हे मी केलंय,” ती म्हणाली.

“काय?”

“हे स्क्रीन. मीच आखलेत.”

सम्राटचा चेहरा खुलला.

“खरं सांगतीस? सुषमा, भाईर ये! हे ॲप आपल्या ताईनं केलंय!”

त्याची बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

“वन्सं, रात-रात डोळ्याला डोळा न्हाई माझ्या,” ती म्हणाली. “म्हटलं, ह्यांना फसवलं का काय. तुम्ही केलंय म्हंजी मग घोर न्हाई.”

गौतमी काही बोलणार, तोच हातातला फोन वाजला. कारखान्यात सम्राटच्याच लाइनवर काम करणारा नवनाथ होता. सम्राटने फोन घेऊन स्पीकर लावला.

“व्हीआरएसचा आज शेवटचा दिवस हाय रं,” नवनाथ म्हणाला. “बायको नको म्हणती. काय करू? दाबू का?”

“दाब की बिनधास्त. माझ्या ताईनंच बनवलंय ते. थांब, तीच सांगंल.”

त्याने फोन तिच्या तोंडापुढे धरला. सुषमा हसून बघत होती.

“ताई, दाबू का?”

गौतमीने फोनवरची नजर हलवली नाही.

“नका दाबू,” ती म्हणाली. “त्या बटणाच्या खाली बारीक अक्षरं आहेत बघा. ती दाबा.”

पलीकडे नवनाथने फोन कानापासून दूर धरला असावा; मशिनचा आवाज मोठा झाला.

“दिसली,” नवनाथ म्हणाला. “बरं झालं, ताई.”

फोन बंद झाला. सम्राटच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. सुषमाने एकदा त्याच्याकडे, एकदा गौतमीकडे पाहिलं आणि ती आत गेली.

“ताई,” टेप गुंडाळत सम्राट म्हणाला, “खाली अक्षरं होती व्हय?”