दोनदा सह्या झालेलं मृत्युपत्र

अर्ज

प्रोबेट हा शब्द रत्नप्रभेने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला वाटलं, हे खोकल्याचं औषध असावं.

"तसं नाही हो बाई," मधुकर वकील म्हणाले. "माणूस गेला की त्याचं मृत्युपत्र म्हणजे नुसता कागद. आपल्या मुंबईत तो हायकोर्टापुढे ठेवायचा. हा खरा आहे, हे साक्षीदार आणून दाखवायचं. कोर्टाने मानलं, शिक्का मारला, की झालं प्रोबेट."

"आणि तोवर घर कुणाचं?"

"तोवर... काकांचंच म्हणायचं."

"काका तर गेले."

"म्हणून तर प्रोबेट!"

काका म्हणजे धाकूकाका, रत्नप्रभेच्या मावशीचे यजमान. गिरणीतले सुतार. घाटकोपरला त्यांचं दोन खोल्यांचं कौलारू घर. मावशी गेली, त्याच वर्षी रत्नप्रभेचं कुंकू पुसलं गेलं आणि ती इथे आली. काकांना तिने शेवटपर्यंत सांभाळलं. पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग काढला, पोरींनी खोली भरून गेली. काकांनी लिहून ठेवलं: 'पुतण्या सहदेव याला मी माझी हत्यारं दिली आहेत आणि हातात कसबही दिलं आहे. घर रत्नप्रभेला.'

घर गेलं तर तिला देवगडला भावाकडे जावं लागणार होतं. तिथे वहिनीची चूल, वहिनीचं घर आणि कोपऱ्यात विधवा नणंद.

हरकत

कायद्याने वारस म्हणून सहदेवला नोटीस गेली. तो दहिसरला एका खोलीत बायको, आई आणि दोन भाऊ घेऊन राहत होता. त्याने कॅव्हेट घातलं, म्हणजे कोर्टाला कळवलं की मला विचारल्याशिवाय शिक्का मारू नका. कारण वाचून मधुकर वकिलांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

काकांची सही एकदाच. साक्षीदारांच्या मात्र प्रत्येकी दोन-दोन, आणि दुसरी पहिलीसारखी दिसत नाही!

"एका कागदावर दोनदा सही कोण करील?" कोर्टाच्या जिन्यावर सहदेव म्हणाला. "कुणीतरी मागाहून गिरवलंय, रत्ने."

"मी गिरवलं असतं तर सारखं गिरवलं असतं. टाका वाकडा घालत नाही मी."

"ते दिसेलच आता."

"दिसू दे ना रे!"

धास्ती

मधुकर वकिलांनी विचारलं, "मृत्युपत्र झालं त्या दिवशी आधी सही कुणी केली?"

"पाहुण्यांनी. साक्षीला जेवायला बोलावलेले, बाळामामा आणि दुसरे ते, गेले बिचारे. मी वडे तळत होते, दारातून दिसलं. काका म्हणाले, आधी तुम्ही, मग मी."

वकिलांनी कपाळाला हात लावला. "बाई, वाट लागली. सही आधी करायची करणाऱ्याने. ती पाहून मग साक्षीदारांनी. उलटं झालं तर साक्ष साक्षच नाही."

"पण घरधनी पाहुण्यांच्या आधी कसा बसेल?"

"ही पंगत नव्हती हो!"

"काकांना कुठे ठाऊक?"

मग दुसऱ्या सह्या कशाच्या? ते तिने पाहिलं नव्हतं, वडे जळत होते म्हणून ती चुलीकडे वळली होती. एकटे बाळामामा उरलेले, मानखुर्दला राहणारे. वकील त्यांच्याकडे गेले. मामांनी चहा पाजला आणि तोंड मिटलं. "शपथ घेतल्याबिगर मी सहीचा बोलूचंय नाय. धाकून माका बजावल्यान हा."

रत्नप्रभाही गेली. खोटं सांगा असं म्हणायला तिची जीभ वळेना. मामांच्या सुनेचं पोलक्याचं माप घेतलं आणि ती घरी आली.

(इथे गोष्ट आठ महिने तारखा घेत बसते. त्यातलं काही सांगण्यासारखं नाही.)

जबाब

बाळामामा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून पिंजऱ्यात उभे राहिले. शपथ घेतली आणि धरणाचं दार उघडावं तसे सुटले. शेजारी दुभाषी इंग्रजी करत होता. समोर सहदेवचा वकील.

"पहिली सही कुणी केली?"

"आमी. पाव्हणे नाय आमी?"

सहदेव खुर्चीत ताठ झाला. रत्नप्रभेने डोळे मिटले. देवगड दिसलं.

"मयताच्या सहीच्या आधी?"

"होय तर. मगे धाकून केल्यान, आमच्या डोळ्यांदेखत. मगे जेवलंव."

"आणि दुसरी सही कधी केलीत?"

"जेवल्यार! धाकू म्हणाक लागलो, एकेकच सही केलास? असा उपाशी सोडूचंय नाय तुमका, आणखी एकेक घेवा. नको नको म्हटला, ऐकता कोण! आग्रहाचो माणूस. त्याची सही समोर वाळत पडली होती, तो समोर बसलो होतो. मगे केलंव."

दुभाषी 'आग्रहा'पाशी अडला. एक वाक्य केलं, पुरलं नाही, दुसरं जोडलं. न्यायाधीश हात वर करून म्हणाले, "राहू द्या. आमच्या घरीही असंच वाढतात."

"मग दोन्ही सह्या सारख्या का नाहीत?"

मामांनी वकिलाकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पयली उपाशीपोटी, दुसरी वडे खावन. तुमी जेवल्यार सही करून बघा."

कोर्ट हसलं. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं? सहदेव. त्यानेही काकांच्या हातचं वाढप सोसलं होतं. त्याचा वकील त्याला कोपराने ढोसत होता आणि तो हसतच होता.

मधुकर वकील उठले. पहिल्या सह्या सोडून द्या, म्हणाले. दुसऱ्या सह्या करणाऱ्याच्या सहीनंतर, त्याच्यासमोर, त्याची सही पाहिलेल्यांनी केलेल्या. कायद्याला याहून काय हवं?

हुकूम

प्रोबेट मिळालं.

हुकुमानंतर

लाल शिक्क्याचा कागद हाती आला त्याच आठवड्यात रत्नप्रभेने दहिसरला निरोप धाडला. सहदेव आला, दारात घुटमळला.

"कशाला बोलावलंस? वेडावायला?"

"भिंतीला खिडकी पाडायचीय. रस्त्याच्या बाजूने. पोरी अंधारात सुई ओवतात. घर कुणाचं ते ठरेना, तोवर खिळाही ठोकला नाही मी."

"घाटकोपरात दुसरा सुतार नाही?"

"आहेत ना. पण काकांची हत्यारं त्यांच्याकडे नाहीत."

सहदेव भिंतीपाशी गेला, थापटून पाहिली, कान लावला. "मजुरी पुरी घेईन हां. नातं नाही लावायचं."

"हरलेल्या माणसाकडून फुकट काम कोण घेतं?"

"हरलो काय गं? बाळामामाने हरवलं."

"चल, चौकट केवढी ते सांग."

त्याने पेन्सिलीने भिंतीवर चौकोन काढला. ती म्हणाली, लहान आहे. त्याने मोठा काढला. ती म्हणाली, अजून. शेवटी पेन्सिल तिनेच घेतली, स्टुलावर चढली आणि हात पोचेल तिथवर रेघ ओढत गेली. खाली पोरी ओरडत होत्या, "बाई, आणखी, आणखी!" आणि सहदेव डोक्याला हात लावून म्हणत होता, "अगं, भिंत ठेवायचीय की नाही?"