बारावं प्रकरण

आमच्या हिंगणघाटच्या वाचनालयात दरवर्षी एका जुन्या कादंबरीवर चर्चा होते. आधी दोन महिने पुस्तक घरोघरी फिरतं, मग एका रविवारी सगळे जमून भांडतात. मी तिथली ग्रंथपाल, म्हणजे सतरंज्या घालण्यापासून भांडणं मिटवण्यापर्यंत सगळं माझ्याकडे.

१९७८ साली पाळी आली ती गोऱ्या कलेक्टरच्या बंगल्यात घडणाऱ्या कादंबरीची. थोर कादंबरी, असं शाळेपासून ऐकलेलं. मी ती चारदा वाचली आणि दर वेळी माझं मत बदललं. साहेबाचा राग यावा तर पुढच्या पानावर त्याची कीव यायची. लेखकाला नेमकं म्हणायचंय तरी काय, या विचारानं डोकं पिकलं होतं.

त्यात आमच्या गल्लीतल्या देवकाबाई. वय सत्तरीचं, अक्षरओळख नाही. तरुणपणी कापसाच्या जिनवरच्या गोऱ्या मॅनेजरच्या घरी त्या आया होत्या. पुस्तकात मेम आणि तिची आया आहे हे कळल्यावर रोज दुपारी येऊन बसायच्या.

"वाच वो कांता. माह्या मेमसारखीच हाय ही," म्हणायच्या.

त्यांची मेम फार मायाळू होती, तिनं कधी बोट लावलं नाही, हे सगळ्या गल्लीला पाठ होतं. बाराव्या प्रकरणात चांदीचा चमचा हरवतो आणि मेम आयाला चाबकानं मारते. त्या दुपारी देवकाबाईंचा खुललेला चेहरा पाहिला आणि माझी जीभ रेटेना. मी सरळ तेरावं प्रकरण काढलं. चांगलं केलं असंच तेव्हा वाटलं.

चर्चेच्या रविवारी बापूराव पहिले उठले. बेचाळीसला तुरुंगात गेलेले. "ही साहेबाची चमचेगिरी हाय. जाळा हे पुस्तक," म्हणाले. कापडवाले ताराचंद म्हणाले, "कायले जाळता? साहेबाच्या टायमात कामं तरी वेळेवर होत." दोघांचंही मला पटलं आणि दोघांचाही राग आला.

तेवढ्यात मागून देवकाबाई उभ्या राहिल्या. चारचौघांत त्या कधी बोलल्या नव्हत्या. पदर सावरत म्हणाल्या, "मी गोऱ्याच्या घरी राह्यली हावो. माह्या मेमनं मले कधी मारलं नाई. या पुस्तकातल्या मेमनं बी आयाले मारलं नाई. लिहिणाऱ्यानं खरं लिहिलं हाय."

"बाराव्या प्रकरणात चाबकानं फोडलं तिले," बापूराव म्हणाले. "ऐकलं नाई का तुमी?"

दोघंचौघं हसले. देवकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्या चपला घालून निघून गेल्या. मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. माफी मागायला मी तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "ते सोडलेलं वाच."

मी वाचलं, एकही ओळ न गाळता. त्या भिंतीकडे बघत ऐकत होत्या.

"चाबूक नोता," वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या. "चप्पल होती. अन् चमचा नाई, मेमच्या पोरीचा फ्रॉक जळला होता इस्त्रीनं."

"मावशी, मंग तुमी सगळ्यायले…"

"चाळीस वर्सं तसंच सांगत आली. तुह्यासारखंच, तेवढं सोडून." मग त्या माझ्याकडे वळल्या. "पन ती विलायतेले गेली तवा मी दोन दिवस जेवली नाई. हे बी खरं हाय. ते काऊन असंन?"

मी पुस्तकाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "मले नाई सांगता येत, मावशी."

"काल तर तिथं सगळ्यायले सांगता येत होतं," देवकाबाई म्हणाल्या.